हात वर जात नाही?

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्या हातावर पडल्या. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, तेव्हा ‘मुका मार आहे’ म्हणून घरच्यांनी तेल चोळायला घेतलं. अजून अंबाडा घालता येत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही. ‘पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. ते उरकून दाखवलं तर चालेल ना?’ असं त्या विचारतात.

नाही हो ताई, आधी दाखवा.

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. त्यांचे चिवट पट्टे दंडाच्या हाडाला चिकटलेले असतात. डॉक्टर त्याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. तो फाटला तर साध्या एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करावा लागतो. पडून फाटला असेल तर दिवस जातील तसा पट्टा मागे ओढला जातो, स्नायू वाळतो, आणि मग टाका नीट धरत नाही.

घरी एवढं पाहा. हात आपला आपण उचलत नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर वर जातो, तर फाटल्याची शंका घ्यावी. दुसऱ्याने उचलूनही अडत असेल तर बहुधा सांधा आखडलाय. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त. हा नुसता अंदाज, निदान डॉक्टरांनीच करायचं.

लगेच घाबरू नका. वयाने झिजून फाटलेला पट्टा साठीनंतर पुष्कळांत असतो, कित्येकांना दुखतही नाही. दुखलं तर आधी तीनेक महिने नेमाने व्यायाम. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेऊ नये. मधुमेह असेल तर साखर वाढते, आधी सांगा.

हल्ली ‘पीआरपी’चा बोलबाला आहे. आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स खांद्यात टोचतात. काहींचं दुखणं कमी होतं, पण पूर्ण फाटलेला पट्टा त्याने सांधत नाही. पैसे भरण्यापूर्वी ‘माझा पट्टा किती फाटलाय?’ हे जरूर विचारा.

शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. हाडात बारीक अँकर बसवून पट्टा धाग्यांनी पुन्हा हाडाला बांधतात. नंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. पोळ्या लाटणं, बादली उचलणं बंद! पुरती ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं. तेव्हा घरातल्या कामाची वाटणी आधीच करून ठेवा.

ताई, लग्नाच्या कामाला जावा-नणंदा आहेत. डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा, आणि तोवर चोळणं थांबवा.