काळ्या पाण्याची वाट

अंदमानला निघालेले हिंगोलीचे कुटुंब विमानाचाच विचार करते. जिल्ह्याला ना समुद्र, ना विमानतळ. हैदराबादमार्गे चेन्नई गाठायची, पुढे दोन-सव्वादोन तासांत श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. सोय उत्तम, पण त्या सोयीत ‘काळे पाणी’ या शब्दाचा अर्थच हरवतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने नेण्यात आले. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात उतरले. सेल्युलर जेलमधील त्यांची कोठडी पाहून आपण हळहळतो. मात्र इंग्रजांची खरी भिंत दगडविटांची नव्हतीच, ती होती भोवतालच्या समुद्राची. विमानाच्या खिडकीतून ती दिसत नाही.

चेन्नईहून आजही प्रवासी जहाज सुटते. सुमारे बाराशे किलोमीटरला अडीच-तीन दिवस लागतात. फेऱ्या मोजक्या, वेळापत्रक लहरी, आणि उलटीच्या गोळ्या जवळ हव्यातच! तरीही जातानाचा प्रवास जहाजानेच करावा. येलदरी-सिद्धेश्वरचे जलाशय पाहिलेल्या मुलांना चहूकडे केवळ पाणी दिसू द्यावे. मग चिमुकल्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, पूर्वीच्या रॉस बेटावर, बोटीने जावे. गोऱ्या साहेबांच्या इमारती तेथे झाडांच्या मुळांनी गिळल्या आहेत. रजा अपुरी पडली, तर परतताना विमान आहेच.