केकच्या सामानाचे दुकान : काय ठेवावे, काय टाळावे

नरसोबाच्या वाडीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घराच्या पुढच्या खोलीत केकच्या सजावटीचे सामान विकण्याचे दुकान काढायचे त्यांनी ठरवले आहे. बचत गटातून कर्ज घेतले आहे. डीप फ्रीझरचा खर्च वजा जाता मालासाठी चाळीस हजार रुपये हाताशी राहतात. घाऊक व्यापाऱ्याने दोन पानी यादी हातात दिली आहे आणि 'सगळं थोडं थोडं घ्या, ताई' असा सल्लाही दिला आहे. त्या विचारतात, 'यातलं काय घेऊ आणि काय सोडू? पैसे अडकले तर हप्ता कुठून भरू?'

प्रश्न नेमका आहे, आणि आता गावोगावच्या मैत्रिणींना पडणारा आहे. घरी ओव्हन घेऊन वाढदिवसाचे केक करून देणाऱ्या बायका आज लहान गावातही आहेत. त्यांना लागणारे सामान मात्र कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीहून आणावे लागते. म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा

वाडीला पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला माणसांचा पूर लोटतो. ती गर्दी पाहून दुकानाचा हिशेब मांडू नका. दर्शनाला आलेला माणूस पेढे नेईल, बासुंदी नेईल, कवठाची बर्फी नेईल. तो नोझल आणि केकचा बोर्ड नेणार नाही. तुमचे गिऱ्हाईक म्हणजे वाडी, कुरुंदवाड, औरवाड, शिरोळ या पट्ट्यात घरी केक करणारी बाई. अशा दहा-बारा जणींची नावे आधी वहीत लिहा. प्रत्येकीला विचारा, 'आठवड्याला केक किती होतात? बाहेरून काय आणावं लागतं? ऐन वेळी काय संपतं?' ही वही व्यापाऱ्याच्या यादीपेक्षा जास्त खरी.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. शंभर प्रकारचे नोझल आणि दोनशे रंगांचे मणी मोबाइलवर मागवले की घरपोच येतात. त्या स्पर्धेत आपण उतरायचेच नाही. पण संध्याकाळी सात वाजता क्रीम कमी पडले, आठला केक द्यायचा आहे आणि बॉक्स नाही, अशा वेळी मोबाइलचा काही उपयोग नाही. तेव्हा तुमचे दार उघडे हवे आणि ती वस्तू फळीवर हवी. गावातल्या दुकानाची कमाई यातच आहे.

यासाठी लांब जायला नको, वाडीतली पेढ्यांची दुकानेच बघा ना! मोजके चार जिन्नस, पण रोज खपणारे आणि ताजे. 'सगळं थोडं थोडं' या वाटेला ती जात नाहीत. आपणही जाऊ नये.

हिशेब असा मांडा

समजा, दहा जणी आठवड्याला प्रत्येकी चार केक करतात. म्हणजे चाळीस केक. बहुतेक अर्धा किलोचे असतात. फेटायच्या क्रीमच्या एक किलोच्या पाकिटात अर्धा किलोचे साधारण तीन ते चार केक होतात. म्हणजे आठवड्याला दहा ते तेरा पाकिटे. पंधरा ठेवा, पन्नास नको. बोर्ड चाळीस, बॉक्स चाळीस. दोन आठवड्यांचे एकदम घेतले तरी ते नासत नाहीत.

चाळीस हजारांची वाटणी मी अशी करीन :

रोज संपणारा खाण्याचा माल – क्रीम, प्रीमिक्स, कोको, चॉकलेट, आयसिंग शुगर, रंग, इसेन्स : २४ हजार.

बोर्ड, बॉक्स, बटर पेपर, पायपिंग बॅग : ८ हजार.

हत्यारे – नोझल, पॅलेट नाइफ, स्क्रॅपर, फिरते स्टँड, साचे : ५ हजार.

मेणबत्त्या, टॉपर, वरची सजावट : ३ हजार.

दुकान शोभते ते शेवटच्या दोन गटांमुळे, पण चालते पहिल्या दोनांवर. फिरते स्टँड एक बाई एकदाच घेते आणि पाच वर्षे वापरते. क्रीम ती दर आठवड्याला घेते. चमचमणाऱ्या मालाचा मोह इथेच आवरायचा.

फळीवर काय असावे

*क्रीम :* दुधाचे नसलेले, गोठवून येणारे व्हिप टॉपिंग जास्त खपते. ते पाकिटावर लिहिलेल्या तपमानातच, बहुधा उणे अठरा अंशांवर, ठेवावे लागते. एकदा वितळले की पुन्हा गोठवून विकू नये. फेटताना ते फुलत नाही आणि दोष तुमच्या दुकानाला येतो. वीज जाते म्हणून घाबरू नका. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता सुमारे अठ्ठेचाळीस तास थंडी धरतो, अर्धा भरलेला चोवीस. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, त्यांचा बर्फ उपयोगी पडतो.

*प्रीमिक्स :* वाडीसारख्या क्षेत्राच्या गावी एगलेस केकच जास्त मागितला जाणार. व्हॅनिला आणि चॉकलेट, एवढे दोन ठेवा. बाकीचे मागणीप्रमाणे आणून द्या.

*चॉकलेट :* कंपाउंड चॉकलेटच्या विटा गडद, दुधी आणि पांढऱ्या, अशा तीन. एप्रिल-मेमध्ये कमी मागवा. उकाड्यात ते मऊ पडते आणि पुन्हा थिजताना वर पांढुरके डाग येतात. बुरशी नव्हे ती, पण गिऱ्हाईक परत करते.

*रंग :* जेल रंगाच्या लहान बाटल्या – लाल, गुलाबी, पिवळा, हिरवा, निळा, काळा. चॉकलेटसाठी तेलातले रंग वेगळे लागतात. साधा जेल रंग वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातला, की त्यातल्या पाण्याने चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. गिऱ्हाइकाला हे आपणहून सांगा. असा सल्ला मिळाला की बाई पुन्हा तुमच्याकडेच येते.

*नोझल :* गोल, चांदणी, पाकळी, पान आणि गवताचे, एवढे पाच आकार सुटे विका. चोवीस नोझलच्या संचातले बहुतेक डब्यात पडून राहतात.

*बोर्ड आणि बॉक्स :* सहा इंची केकला आठ इंची बोर्ड व बॉक्स, आठ इंचीला दहा इंची. दोन मापांपासून सुरुवात करा. उंच बॉक्स थोडे ठेवा, कारण टॉपर लावला की नेहमीच्या बॉक्सचे झाकण बसत नाही.

फोंडंट थोडेच घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते घाम धरते आणि चिकट होते. एक किलोचे पाकीट फोडून सुटे देऊ नका. लहान पाकिटेच मागवा.

काय ठेवू नये

आता सगळ्यात महत्त्वाचे. केक कुणाचा असतो? बहुतेक वेळा लहान मुलाचा. तेव्हा दुकानातली प्रत्येक पुडी बाळाच्या तोंडात जाणार आहे, असे समजूनच घ्या.

सोनेरी-रुपेरी चमकीची पावडर सध्या फार मागतात. पण हिच्यात दोन जाती आहेत. एक खाण्याची, दुसरी नुसती शोभेची, कागदी-साखरी फुलांवर लावायची. दुसरीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' असे लिहिलेले असते आणि बाया फसतात. 'विषारी नाही' म्हणजे 'खाण्याची आहे' असे होत नाही! अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ साली दोन घटना प्रसिद्ध केल्या. ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. क्रीमवरच्या चमकीत तांबे होते. मिसुरी राज्यात २०१९ मध्ये एका बाळाच्या पहिल्याच वाढदिवसाच्या केकवर लावलेल्या पावडरीत वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा शिसे निघाले आणि बाळाच्या रक्तात ते सापडले. म्हणून ज्या डबीवर घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

रंगांचेही तेच. आपल्या देशात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. शेजारच्या कर्नाटकात २०२४ साली तपासलेल्या २३५ केकपैकी १२ मध्ये कृत्रिम रंगांचे प्रमाण धोक्याचे आढळले. सुट्या कागदी पुड्यांतला रंग ठेवूच नका. लालभडक केक मागणाऱ्यांना एक युक्ती सांगा : क्रीम आधी गुलाबी करा आणि काही तास फ्रीजमध्ये ठेवा, रंग आपोआप गडद होतो. काळ्यासाठी आधी कोको घालून क्रीम तपकिरी करा, मग काळा थोडाच लागतो. रंग वाचतो आणि केक कडूही लागत नाही.

एगलेस म्हणजे आपोआप शाकाहारी, असेही नाही. मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असते, ते प्राण्यांपासून येते. काही लाल रंगांत १२० क्रमांकाचा कार्माइन असतो, तो किड्यांपासून मिळतो. चकचकीत मण्यांवर ९०४ क्रमांकाचे शेलॅक, म्हणजे लाखेचा मुलामा असतो. प्रसादाच्या भावनेने जगणाऱ्या गावात हे सांगून विकलेलेच बरे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहा, आणि तरीही घटक वाचा.

कायद्याने बंद झालेल्या वस्तूही व्यापारी यादीत घुसडतो. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहे. म्हणजे केकबरोबर द्यायची प्लॅस्टिकची सुरी आणि थर्माकोलचा खोटा केक, दोन्ही नको. लाकडी सुऱ्या ठेवा.

फेसाचे फवारे तर दाराबाहेरच ठेवा. त्यातला वायू पेट घेतो, आणि तो उडवला जातो नेमका पेटत्या मेणबत्तीसमोर. तो विकून मिळणारे दहा-वीस रुपये आपल्याला नकोत.

पाणी आणि पावसाळा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दुकान म्हटले की पाण्याचा विचार आधी. दक्षिणद्वाराचा सोहळा आपल्याला पर्वणी असतो. पण २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कोण विसरेल? जून उजाडला की साठा निम्म्यावर आणा. खालची फळी रिकामी ठेवा. फ्रीझर उंच ओट्यावर बसवा. आयसिंग शुगर, मणी, कोको हे झाकणाच्या डब्यांत ठेवा. एरवीही दमट हवेत साखरेच्या गुठळ्या होतात आणि मण्यांचे रंग सुटतात. विमा उतरवताना पुराचे नुकसान त्यात धरले आहे का, हे कागदावर वाचून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि पुराच्या पाण्याने भिजलेला खाण्याचा माल, वरून बंद दिसला तरी विकू नका. जीव तुटतो, पण तो टाकूनच द्यावा लागतो.

थोडे व्यवहाराचे

दुकान उघडण्याआधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. मोठी गोणी फोडून लहान पुड्या करायच्या, तर त्यावर नाव, वजन, तारीख हे सगळे नियमाप्रमाणे छापावे लागते. सुरुवातीला कंपनीची लहान पाकिटेच घेतलेली सोयीची. आधी आलेला माल पुढे, नंतरचा मागे. दर सोमवारी तारखा पाहा. मुदत संपायला महिना राहिला की किंमत कमी करून काढून टाका. मुदत संपली की कचऱ्यात.

उधारी? लहान गावात 'नाही' म्हणता येत नाही, हे खरे. मग मर्यादा घाला : एका केकच्या सामानापुरती, आणि तो केक विकला गेला की पैसे. गिऱ्हाइकालाही हे पटते, कारण तिचेही पैसे केक दिल्यावरच येतात.

तीन महिने ही वही नीट ठेवा. ज्या वस्तूसाठी तीन वेगवेगळ्या बायका विचारून गेल्या, ती आणा. जी तीन महिन्यांत एकदाही हलली नाही, ती पुन्हा मागवू नका, मग ती कितीही सुंदर असो.

हे कापून दुकानात लावा

माल घेताना चार प्रश्न विचारा –

१. हा जिन्नस महिन्याभरात संपून पुन्हा लागेल का?

२. तो खाण्याचा आहे, असे पाकिटावर स्पष्ट लिहिले आहे का?

३. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तो टिकेल का?

४. माझ्या घरच्या मुलाच्या केकवर मी तो घालीन का?

चारही उत्तरे 'हो' आली, तरच पैसे मोजा. बोर्ड-मेणबत्तीसारख्या न खाण्याच्या वस्तूंना दुसरा प्रश्न तेवढा सोडा. वाडीच्या या भगिनीने हप्त्याची काळजी पत्रात दोनदा लिहिली आहे. त्यांना एवढेच सांगते : हप्ता फळीवरच्या मालाने फिटत नाही, फळीवरून गेलेल्या मालाने फिटतो. फळी थोडी रिकामी दिसली तर लाजू नका.