बाहुलीवरची धूळ

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला सोपे. करायला घेतले की दुसऱ्याच मिनिटाला खांदे भरून येतात, दाब उथळ पडतो आणि देणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, असा नियम आहे. पोहण्यासारखेच हे हाताचे कसब.

आपल्या रुग्णालयांत या कसबाचा आपण कागद करून टाकला. एका दिवसाची कार्यशाळा, सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर रांगेने पाच-पाच मिनिटे, चहा, फोटो, प्रमाणपत्र. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. शिकलेले मात्र काही महिन्यांतच ओसरू लागते, हे वारंवार दिसून आले आहे. म्हणूनच त्या संस्थेने दर तिमाहीला थोडा-थोडा सराव करण्याची पद्धतही पुढे आणली. आपण उचलले ते प्रमाणपत्र. रुग्णालयाच्या मानांकनाची तपासणी आली की ती प्रमाणपत्रे फायलीत मोजली जातात. हात कोणी तपासत नाही. १९६० मध्ये नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्याने ही बाहुली घडवली ती हाताळली जावी म्हणून. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती कपाटात असते, आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे.

प्रसूतिगृहात तर वेळ आणखी कमी. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. त्यासाठी केंद्राने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला. प्रशिक्षण दोन दिवसांचे. पण ज्या परिचारिकेसमोर असे बाळ क्वचित येते, तिचा हात त्या दोन दिवसांवर किती काळ तयार राहणार?

उत्तर शोधायला परदेशी जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांतल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली; गुदमरलेल्या बाळाला श्वास देणेही त्यात आले. शिकवून सोडून दिले नाही, गावात जाऊन त्यांचे काम नियमित तपासले. तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला.

तेव्हा प्रत्येक वॉर्डात दाबाची खोली आणि वेग दाखवणारी बाहुली हवी आणि दर तीन महिन्यांनी पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटे सराव हवा. त्यात कंत्राटी परिचारिका, वॉर्डबॉय आणि १०८च्या रुग्णवाहिकेवरचे कर्मचारीही हवेत. रात्री दोन वाजता पहिला हात बहुधा त्यांचाच पडतो. रुग्ण दगावला तर कोणाला दोष न देता, काय चुकले ते त्याच पाळीत बोलले जावे. नव्या खरेदीच्या निविदा निघायच्या तेव्हा निघतील. आरोग्य विभागाने आधी कपाटांची कुलपे काढण्याचा आदेश द्यावा.