कोड फुकट, पण चावी कुणाकडे? वासोण्याच्या वेबसाइटवाल्यांसाठी मुंबईचा मेळावा महत्त्वाचा

वासोणा : वर्डप्रेसवर वेबसाइट बनवणाऱ्यांचा आशियातला सर्वात मोठा मेळावा, ‘वर्डकॅम्प एशिया’, 9 ते 11 एप्रिल 2026 दरम्यान मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरणार आहे. याआधी तो बँकॉक, तैपेई आणि मनिलाला झाला. आता वापीहून सकाळची गाडी पकडून जाता येईल इतक्या जवळ आलाय.

वासोणा-वापी पट्ट्यात कारखाना, शाळा, दुधनी-खानवेलकडचं रिसॉर्ट, कुणाचीही साइट बनवून देणारी पोरं आहेत. त्यांची ऑफिसं म्हणजे बहुतेक एक खोली आणि दोन लॅपटॉप. त्यांचा धंदा उभा आहे तो फुकट मिळणाऱ्या सामानावर. वर्डप्रेस 2003 पासून मुक्त परवान्याखाली मिळतं; घ्या, बदला, विका, कुणी अडवत नाही. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट आज त्यावर चालतात. भांडवल नसलेल्याला धंद्यात उतरायची याहून स्वस्त वाट क्वचितच सापडेल.

पण सप्टेंबर 2024 मध्ये या फुकटाची दुसरी बाजू दिसली. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी ‘डब्ल्यूपी इंजिन’ या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली. कंपनी कमावते भरपूर, पण प्रकल्पाला परत काही देत नाही, असा त्यांचा आरोप. मुलेनवेग यांच्या ‘ऑटोमॅटिक’ कंपनीने ट्रेडमार्कपोटी 8 टक्के मागितले. आणि हे 8 टक्के एकूण उत्पन्नावर, नफ्यावर नाही! हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही यातला फरक समजावून सांगायला नको. कोड मुक्त असला तरी नाव मुक्त नसतं, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

25 सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे बंद झाले. त्यांच्याकडे साइट ठेवणाऱ्यांना तिथून प्लगइनचे अपडेट मिळेनात. भांडण दोन बड्यांचं, हाल तिसऱ्याचे. 2 ऑक्टोबरला कंपनी कोर्टात गेली. दहा दिवसांनी त्यांचं ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे 20 लाखांवर साइटवर चालणारं प्लगइन अधिकृत यादीत नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. 10 डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने अंतरिम आदेश देऊन सगळं पूर्ववत करायला लावलं. खटला अजून चालू आहे.

या सगळ्यात एक गोष्ट ठसठशीत पुढे आली. ज्या संकेतस्थळावरून जगभर अपडेट जातात, ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग कुठल्या संस्थेचं नाही, स्वतः मुलेनवेग यांच्या हातात आहे. ट्रेडमार्क 2010 पासून ना-नफा फाउंडेशनकडे असला, तरी त्याच्या व्यापारी वापराचा हक्क ऑटोमॅटिककडेच.

म्हणजे पोरांनी दुसरीकडे पळावं का? तसं नाही. दर महिन्याला भाडं घेणाऱ्या बंद सेवांमध्ये तर साइट उचलून दुसरीकडे नेणंच अवघड. इथे निदान कोड आणि डेटा आपल्याजवळ राहतो. मात्र बॅकअप स्वतःकडे ठेवणं, बदलांची नोंद गिटमध्ये करणं आणि एका साइटवर तीस प्लगइन न चढवणं, एवढी शिस्त हवी. गिऱ्हाईकाने मागितलं नाही म्हणून बॅकअप घेतलाच नाही, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

दुसरा मुद्दा भाषेचा. वर्डप्रेसचं मराठी रूप स्वयंसेवकच करतात. ‘ग्लोटप्रेस’ नावाच्या साधनावर कुणीही मोफत खातं उघडून वाक्यं सुचवतो, संपादक ती तपासून मंजूर करतात. यासाठी कोडिंग यावं लागत नाही, मराठी चांगली लागते. घरात वारली नाहीतर कोकणा, बाजारात गुजराती, शाळेत मराठी अशी सवय असलेल्या दादरा नगर हवेलीच्या मुलांना शब्दांची पारख मुंबई-पुण्यापेक्षा कमी नाही. ‘डॅशबोर्ड’ तसाच ठेवायचा की त्याला मराठी शब्द शोधायचा, हा वाद तिथे घालायला कुणी तरी इकडचंही असावं.

मेळाव्याचा पहिला दिवस, 9 एप्रिल, योगदानाचा. त्या दिवशी भाषांतर, चाचणी, दस्तऐवज अशी वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात आणि नवख्यांना शेजारी बसवून काम दाखवलं जातं. नावनोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते.