मोडू नका तो खेळ!

मैत्रिणींनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या सास्तूर भागात भूकंपाने घरं कोसळली. पडलेली घरं मोजता येतात, मुलांच्या मनातली भीती मोजता येत नाही. घाबरलेलं मूल ठोकळ्यांचं घर रचतं, पाडतं, पुन्हा रचतं. आपण लगेच ओरडतो, “असला अभद्र खेळ नको!”

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये मुलांसाठी बालगृहं चालवली. तिथली मुलं बॉम्बचाच खेळ खेळत. दोघींच्या लक्षात आलं, की मोठी माणसं जे बोलून हलकं करतात, ते मूल खेळून करतं. आणि बॉम्बपेक्षा आईची ताटातूट त्याला जास्त जाचते.

तेव्हा आजारपण असो, मयत असो की घरातलं भांडण, मुलाने त्याचा खेळ मांडला तर तो मोडू नका. भाजी निवडत जवळ बसा. “बाहुली घाबरली का गं?” एवढंच विचारा. रात्री कुशीत घ्या.

झोप-जेवण उडालं, मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर मात्र देवऋषी नको, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावरही विचारता येतं. त्यात लाज कसली?