उष्मांकांचा हिशेब आणि शेवटचे ताट

आषाढात नसरापूरहून वेल्ह्याच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरे पाण्याने भरलेली दिसतात. सकाळपासून चिखलात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या स्त्रिया दिवस मावळेपर्यंत तशाच वाकलेल्या असतात. त्यांच्याच घरातला एखादा मुलगा चेलाडी फाट्यावर बस धरतो, पुण्यातील कार्यालयात जातो आणि आठ तास खुर्चीवर बसून परत येतो. रात्री दोघांसाठी चूल एकच पेटते. ताट कोणाचे आधी वाढले जाते आणि कोणाचे शेवटी, हे मात्र सांगण्याची आवश्यकता नाही.

माणसाला दिवसाला किती उष्मांक, म्हणजे बोलीतल्या कॅलरी, लागतात? आज हा प्रश्न कोणत्याही सुशिक्षित कुटुंबात विचारला तर झटकन उत्तर येते, ‘दोन हजार.’ बिस्किटाच्या पुड्यावरही पोषणमूल्यांचे प्रमाण याच आकड्याच्या आधारे छापलेले असते. परंतु तो तुलनेच्या सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. तो कोणा हाडामांसाच्या माणसाची गरज सांगत नाही.

खरा हिशेब दोन पायऱ्यांचा आहे आणि तो घरी बसून करता येतो. स्वस्थ पडून राहिले तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांना ऊर्जा लागतेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१० च्या सूत्रानुसार अठरा ते तीस वयाच्या पुरुषाचे वजन १४.५ ने गुणून त्यात ६४५ मिळवले की ही मूळ गरज निघते. साठ किलोच्या तरुणासाठी ती १५१५ येते. तिला कामाच्या प्रकारानुसार गुणायचे : बैठ्या कामाला १.५३, मध्यम श्रमाला १.८, जड श्रमाला २.३. म्हणजे एकाच वजनाच्या तीन तरुणांना अनुक्रमे सुमारे २३२०, २७३० आणि ३४९० उष्मांक लागतील. स्त्रीसाठी १४.५ च्या जागी १४ आणि ६४५ च्या जागी ४७१ घ्यायचे. शेतमजुरीची गणना या वर्गीकरणात ‘मध्यम’ श्रमांत केलेली आहे. लावणीचा एक दिवस ज्याने स्वतः काढला आहे, त्याला हे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही.

२०२० मध्ये परिषदेने हे आकडे सुधारले. प्रमाण पुरुषाचे वजन साठवरून पासष्ट किलो धरले गेले, तरीही बैठे काम करणाऱ्याची गरज २३२० वरून २११० वर आली. बैठ्या कामाचा गुणक १.५३ ऐवजी १.४ झाला, कारण आपले बसणे आता खरोखरच नुसते बसणे उरले आहे. मध्यम श्रमाची गरज मात्र २७१० म्हणजे जवळजवळ होती तेवढीच राहिली. खुर्ची आणि खाचर यांच्यात ६०० उष्मांकांचे, मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांचे अंतर पडले. नोकरी करणाऱ्या पिढीने नांगर सोडला, पण नांगरधाऱ्याचे ताट सोडले नाही. इंद्रायणीच्या भाताचा ढीग तेवढाच आणि त्यावर कार्यालयातील चहा-बिस्किटे. आहाराची मात्रा प्रत्येकाच्या अग्निबलावर अवलंबून असते, असे चरकसंहिता सांगते. चरकांनी उष्मांक मोजले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण सर्वांना एकच माप लावू नये एवढे भान त्या ग्रंथात निश्चित आहे.

या प्रश्नावरचा देशातील सर्वांत गंभीर वाद आपल्या पुण्यातच झडला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला करता येत नाही तो दरिद्री, ही त्यांची कसोटी होती. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. पुढे नियोजन आयोगाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि नागरी भागासाठी २१०० असे आकडे स्वीकारले.

या विचारसरणीला आव्हान दिले ते सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळून ते पुण्यात परतले होते. एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक कमी-अधिक होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी मानता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी त्याचा कठोर प्रतिवाद केला. सरासरी म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे, हे सुखात्म्यांचे म्हणणे मला शास्त्रदृष्ट्या मान्य आहे. परंतु शरीर जुळवून घेते, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो?

या प्रश्नाचे उत्तरही पुणे जिल्ह्यातीलच आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वी त्या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि गर्भारपणातील आहार दिवसाला १७०० ते १८०० उष्मांकांचा. वरचे सूत्र लावून पाहा. ४२ गुणिले १४, अधिक ४७१, म्हणजे १०५९. शेतीकामासाठी १.८ ने गुणले की १९०६. त्यात गर्भारपणाचे ३५० मिळवले की २२५६. रोजची तूट सुमारे ५०० उष्मांकांची. बाळे जन्मली ती साधारण २.७ किलोची; इंग्लंडमधील बाळांहून सुमारे ८०० ग्रॅम हलकी. त्यांचे स्नायू कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे याच देहाला मधुमेहाचा धोका अधिक, असे याज्ञिकांचे प्रतिपादन आहे. आईने काढलेली उपासमार अशा रीतीने खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या रक्तातील साखरेत उतरते.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आढळली. बाळाच्या वाढीचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांपेक्षा तिने खाल्लेल्या हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक दिसला. ज्या गर्भवतींवर शेतीचे आणि पाणी आणण्याचे कष्ट अधिक होते, त्यांची बाळे अधिक लहान निघाली. म्हणजे वहीत उष्मांकांची बेरीज जुळली, तरी ताटात काय पडले आणि डोक्यावर किती हंडे चढले, हे विचारावेच लागते.

आपल्या शाखांतून, मंडळांतून आरोग्य शिबिरे होतात. तेथे पुरुषांचे पोट मोजले जाते, पथ्य सांगितले जाते. ते आवश्यकच आहे. त्याच शिबिरात कुटुंबातील प्रत्येकाचे वजन, वय आणि काम एका कागदावर लिहून वरचा हिशेब मांडायला अर्धा तास पुरेल. नसरापूरच्या बाजारात पालेभाजीची जुडी मिळते, गोठ्यात दूध असते. ते डेअरीला जाण्याआधी त्यातला पेलाभर घरातल्या गर्भवती सुनेसाठी बाजूला निघतो का, हे सासूबाईंना आणि सासरेबुवांनाही त्याच बैठकीत विचारता येईल.