आधी थांबवायला शिका!



शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात एखादे चालते यंत्र मांडले, की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, "हे चालते कसे?" बक्षीसही बहुधा याच उत्तराला मिळते. "हे थांबते कसे?" असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझे म्हणणे असे, की हा दुसरा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ते पटावे म्हणून एक उदाहरण घेऊ. पेट्रोलवर उडणारे आणि रेडिओने चालवायचे प्रतिकृती-विमान.

कोल्हापूरच्या मुलांना इंजिन काही नवे नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांनी ऑइल इंजिने आणि त्यांचे ओतीव भाग घडवून गावाचे नाव दूरवर नेले. शेतावरच्या डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. म्हणून ते बंद करायचे तर इंधन तोडावे लागते. पेट्रोलचे इंजिन मात्र ठिणगीवर जगते. ठिणगी तोडली, की ते थांबते. ही ठिणगी तोडणारा खटका म्हणजेच किल-स्विच.

तो इतका महत्त्वाचा का, हे साध्या गणिताने पाहा. ५० घनसेंटिमीटरच्या इंजिनाला सुमारे ५६ सेंटिमीटर लांबीचा पंखा बसवतात. इंजिन अगदी संथ, म्हणजे मिनिटाला १,५०० फेरे इतक्या गतीने चालू आहे असे समजा. सेकंदाला २५ फेरे झाले. पंख्याला दोन पाती, म्हणजे एकाच जागेवरून सेकंदाला ५० वेळा पाते जाते. पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १५८ किलोमीटर भरतो. धोका दिसल्यावर माणसाचा हात हलायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पाते बारा वेळा फिरून गेलेले असते! "मी चटकन हात काढून घेईन" हे म्हणणे येथे निरर्थक ठरते.

आता खटका कसा जोडतात ते पाहू. ठिणगी निर्माण करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत खटक्याची जोडणी एकमेकींच्या उलट असते.

पहिली पद्धत मॅग्नेटोची. गवत कापण्याच्या यंत्राच्या किंवा पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाच्या इंजिनात ती आढळते. फिरत्या चाकातले चुंबक वेटोळ्याजवळून जाते आणि वीज तेथेच तयार होते. बॅटरी नसल्याने तोडायला काही उरतच नाही! म्हणून वेटोळ्याच्या प्राथमिक फेऱ्यांपासून एक तार काढून ती खटक्यामार्फत इंजिनाच्या धातूला टेकवतात. खटका जोडला, की वीज तिकडे वळते आणि ठिणगी पडत नाही. घरातल्या दिव्याच्या अगदी उलट! दिव्याचे बटण जोडले तर दिवा लागतो, येथे खटका जोडला तर इंजिन बंद होते.

दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनिक. हल्लीच्या बहुतेक मोठ्या प्रतिकृती-विमानांत तीच असते. येथे ठिणगीसाठी वेगळी बॅटरी असते आणि खटका त्या बॅटरीच्या तारेत, वाटेवर बसवतात. खटका उघडला, की बॅटरी तुटते आणि इंजिन थांबते.

आता खरा प्रश्न. कंपनामुळे खटक्याची तार तुटली तर? मॅग्नेटोच्या इंजिनात तार तुटली, की इंजिन चालूच राहते. तुम्ही खटका दाबत बसता आणि पंखा फिरत राहतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत तार तुटली, तर इंजिन आपोआप बंद पडते. बिघाड दोन्हीकडे सारखाच, पण एक धोक्याच्या बाजूला झुकतो आणि दुसरा सुरक्षिततेच्या. म्हणून मॅग्नेटोच्या इंजिनाला हवा-इंधन बंद करण्याची दुसरी, स्वतंत्र सोय हवीच.

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना डब्यातली साखळी तुम्ही पाहिली असेल. गाडी चालू असताना ब्रेकच्या नळीत हवेचा दाब भरलेला असतो. तो दाब ब्रेक सोडवून धरतो. साखळी ओढली, नळी फुटली किंवा डबा सुटला, तर दाब उतरतो आणि ब्रेक लागतात. नळी फुटली म्हणून गाडी मोकाट सुटत नाही, ती थांबते. उत्तम यंत्ररचनेचे हेच लक्षण आहे.

विमान जमिनीवर असताना हाताने दाबायचा खटका पुरतो. तो पंख्याच्या मागे, पंख्यावरून हात न नेता पोहोचता येईल असा बसवावा. हवेत मात्र आज्ञा रेडिओनेच द्यावी लागते आणि येथे एक गंमत आहे. १८८७ साली हाइनरिख हर्ट्झने रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. म्हणजे आपला स्पार्क-प्लग हासुद्धा एक छोटा प्रक्षेपकच! त्याची खरखर तारेवाटे विमानातल्या ग्राहकात, म्हणजे रिसीव्हरमध्ये शिरली, तर आज्ञाच बिघडतील. यावर सुंदर उपाय निघाला आहे. ग्राहकाची आज्ञा एक बारीक दिवा लावते, त्याचा प्रकाश पलीकडच्या प्रकाशसंवेदी भागावर पडतो आणि तो भाग बॅटरी जोडतो. दोन मंडलांमध्ये तार नसते, फक्त प्रकाश असतो. ग्राहकाची वीज गेली, तर दिवा विझतो आणि इंजिन थांबते. संदेश तुटल्यावर काय करायचे हेही ग्राहकाला आधीच शिकवून ठेवावे लागते. विमान पक्के बांधून, जमिनीवर, जाणत्या माणसासमोर प्रक्षेपक बंद करावा आणि इंजिन खरोखर थांबते का ते पाहावे.

यावर काहीजण म्हणतील, "जितके भाग जास्त, तितके बिघाड जास्त. खटकाच बिघडला आणि इंजिन हवेत बंद पडले, तर महागडे विमान जाईल." आक्षेप खोटा नाही. पण इंजिन थांबले तरी पंख हवेत असतात. विमान तरंगत खाली येते, फार तर उसाच्या फडात मोडून पडते. उलट, आज्ञा न मानणारे आठ किलोचे विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने गर्दीकडे निघाले, तर ते दहाव्या मजल्यावरून टाकलेल्या आठ किलोच्या वजनाइतके जोराने आदळेल. विमान पुन्हा बांधता येते, बोट किंवा डोळा पुन्हा बांधता येत नाही.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. "आधी चालू तर होऊ दे, सुरक्षिततेचे नंतर पाहू," असे आपण नकळत बोलून जातो. थांबवण्याची सोय नंतर बसवायची नसते, इंजिनाला पहिला फेरा देण्यापूर्वी ती तपासायची असते. विमान उडवायचे तर उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घेऊन, २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार परवानगी असलेल्या जागीच.

आणि मित्रहो, पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक यंत्रापाशी दोन प्रश्न विचारा. हे थांबते कसे? आणि थांबवणारी तार तुटली तर काय होते? ज्याला उत्तर देता येईल, त्याला यंत्र खरोखर समजले आहे असे खुशाल माना.